दुखवट्यात लावलेला टीव्ही

आमच्याकडे घरात माणूस गेलं की टीव्ही बंद होतो. नुसता बंद होत नाही. त्याच्यावर चादर टाकतात, पिन भिंतीतून काढतात आणि रिमोट कुठेतरी उचलून ठेवतात, म्हणजे लहान पोरांच्या हातून चुकूनसुद्धा लागायला नको. दुखवटा निघून घरात गोड होईपर्यंत तो तसाच राहतो. आजूबाजूच्या घरांतही आवाज बारीक होतात. मला या रिवाजाबद्दल तक्रार नाही. सायन्स शिकले म्हणून आपल्या माणसांच्या रीतींना हसणाऱ्यांतली मी नाही. पण आबा गेले त्याच आठवड्यात मला त्या टीव्हीची गरज पडली, आणि गरज अशी होती की माझं सगळं पुढचं तिच्यावर अडलं होतं.

आबा म्हणजे माझे थोरले चुलते. पाथर्डी तालुक्यातलं आमचं गाव. दसरा झाला की निम्मं गाव ट्रकात बसून ऊसतोडीला जातं, त्यात माझे आई-बाबाही जातात. मी लहान असताना एका साली आबांनी मला ट्रकातून खाली उतरवून घेतलं आणि बाबांना म्हणाले, "ही तिकडं पाचटाच्या कोपीत न्हाई राहायची. हिला इथं ठेव." आबांना आणि मोठ्या आईला, म्हणजे माझ्या चुलतीला, मूलबाळ नव्हतं. तेव्हापासून मी त्यांच्याजवळच वाढले. आई-बाबा साखर कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की यायचे, चार-सहा महिने राहायचे आणि पुन्हा जायचे. शाळेच्या दाखल्यावर नाव बाबांचं होतं, पण पालकसभेला आबा यायचे. सभेत काही बोलायचे नाहीत. मागच्या बाकावर टोपी मांडीवर घेऊन बसायचे आणि घरी आल्यावर मोठ्या आईला म्हणायचे, "मास्तर म्हणला, चांगली हाय."

मी बी.एस्सी. झाले. केमिस्ट्री, फर्स्ट क्लास. आमच्या घरातली ही पहिली पदवी. हे मी सांगते तेव्हा लोकांना वाटतं पोरगी मिरवते. मिरवतेच. आमच्या घरात मिरवायला दुसरं काय होतं?

पदवीनंतर सहा-सात ठिकाणी अर्ज केले आणि एका ठिकाणाहून बोलावणं आलं. पुणे रस्त्यावरची एक दूध कंपनी, तिथल्या प्रयोगशाळेतली जागा. मुलाखत घरूनच, इंटरनेटवर. दोन भाग होते. आधी बोलणं, मग लगेच त्यांच्या देखत संगणकावर एक परीक्षा. मोबाईल चालणार नाही, हे मेलमध्ये ठळक अक्षरात लिहिलं होतं. आबांनी ते मेल माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. त्याच आठवड्यात पहाटे मळ्यात पाण्याचं बारं धरायला गेले आणि बांधावरच बसले ते उठले नाहीत. आई-बाबा निरोप मिळताच कारखान्यावरून आले.

आबा गेले तसं माझं आणखी एक गेलं, ते आधी माझ्या ध्यानात आलं नाही. घरात मयत झालं की लग्नाचं पोर असेल तर त्याचं वर्षाच्या आत उरकतात, नाहीतर तीन वर्षं थांबावं लागतं. माझ्यासाठी स्थळं आली की आबा आजवर परतवून लावत होते. "शिकतीय ती," म्हणायचे, आणि शिक्षण संपल्यावर, "नोकरीचं बघतीय ती." आता परतवणारं माणूस राहिलं नव्हतं आणि वर्ष चालू झालं होतं. राख सावडायच्या दिवशीच भावकीतल्या एका बाईने माझ्या आईला हळूच विचारलं, "पोरीचं मग ह्याच उन्हाळ्यात का?" उत्तर मला मिळवायचं होतं, आणि ते त्या एका मुलाखतीत होतं.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी मी लॅपटॉप काढला.

मयताच्या दिवशी पुढची खोली मोकळी करतात. गर्दी होते, माणसं बसायला जागा लागते. शेजारच्या पोरांनी आणि भावकीतल्या माणसांनी पुढच्या खोलीतलं सगळं सामान भराभर उचलून मागच्या खोलीत नेऊन रचलं होतं. चुकलं कोणाचंच नाही. अशा वेळी कोण बघतं कशावर काय ठेवलं? माझी लॅपटॉपची पिशवी गाद्यांच्या खाली होती, गाद्यांवर बाजरीची गोणी होती आणि गोणीवर आणखी एक गोणी होती.

झाकण उघडून बटण दाबलं तर पंखा फिरल्याचा आवाज आला, बटणावरचा दिवा लागला, पण पडद्यावर शाई सांडल्यासारखा काळा डाग आणि त्यातून चारी बाजूंना गेलेल्या रेघा. एका कोपऱ्यात बोटभर उजेड होता. मी बराच वेळ त्या बोटभर उजेडाकडे बघत बसले.

कंपनीला मेल लिहिलं. घरी असं असं झालं आहे, तारीख पुढे मिळेल का? संध्याकाळपर्यंत उत्तर आलं नाही. फोन नंबर दिलेला नव्हता. बाबा म्हणाले, "नगरला नेऊन टाकू का दुरुस्तीला? मी जातो." पण फोनवर दुकानदार म्हणाला, पडदा मागवावा लागेल, यायला वेळ लागतो. पाथर्डीत इंटरनेटचं दुकान आहे, पण दहावा झाल्याशिवाय घरच्या माणसाने गावची शीव ओलांडायची नाही. बाबांना भावकीने एकवेळ जाऊ दिलं असतं. पण ज्यांनी मला वाढवलं त्या आबांचा दहावा व्हायच्या आत दुकानात जाऊन बसायला माझंच मन धजत नव्हतं. गावातल्या कोणाचा लॅपटॉप मागायचा म्हटलं तर सुतकातल्या हाताला कोण देतं? मागून 'नाही' ऐकण्यापेक्षा मी मागितलाच नाही.

मग टीव्हीची आठवण झाली. कॉलेजात प्रॅक्टिकलच्या खोलीत आमचे सर त्यांचा लॅपटॉप वायरने मोठ्या पडद्याला जोडायचे आणि सगळ्या वर्गाला दाखवायचे. लॅपटॉपचा पडदाच तेवढा गेला होता, बाकी तो जिवंत होता. त्याला फक्त तोंड दाखवायला जागा पाहिजे होती. आणि घरात तशी जागा एकच होती, पुढच्या खोलीत, भिंतीला बोल्टने ठोकलेली, चादरीखाली.

मी आधी आईला सांगितलं. आई म्हणाली, "बाबांला विचार." बाबा म्हणाले, "वहिनीला विचारलं पाहिजे." मोठी आई मागच्या खोलीत भिंतीला टेकून बसलेली होती, रिवाजाप्रमाणे तिला कोपऱ्यातून उठायचंच नव्हतं. मी तिच्या समोर बसून सगळं सांगितलं. वायर, पडदा, मुलाखत, परीक्षा. ती ऐकत होती की नाही कळत नव्हतं.

"आवाज हुईल का त्याचा?" तिने विचारलं.

"बारीक करीन."

"गाणी-बिणी न्हाई ना लागायची?"

"नाही गं मोठ्याई. साहेब लोक दिसतील, बोलतील. एवढंच."

ती म्हणाली, "मग लाव. नको म्हणायला तरी आता कोण बसलंय?" आणि पदर पुढे ओढून घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चादर काढली. खाली धूळ बसली होती, ती पुसली. वायर कुठून आणायची हा प्रश्नच नव्हता. डिशच्या डब्याला लावलेली होती तीच काढली, एक टोक टीव्हीतच राहू दिलं, दुसरं लॅपटॉपला लावलं. लॅपटॉप लोखंडी पेटीवर ठेवला, पेटी टीव्हीच्या खाली. इंटरनेट मोबाईलवरून घेतलं. टीव्ही लावला. निळा पडदा आला आणि त्यावर एक पाटी इकडून तिकडे फिरायला लागली की सिग्नल नाही.

रिमोट सापडेना. आईने कुठे ठेवला ते तिलाच आठवेना, त्या दिवशी तिचं डोकं ठिकाणावर नव्हतं. शेवटी तो पिठाच्या डब्यामागे सापडला. रिमोटवर कुठल्या वायरीचं बघायचं ते निवडलं. मग पडदा काळा झाला. मग अंधारात चाचपडल्यासारखा पासवर्ड टाकला. काय टाकतेय ते दिसत नव्हतं. एकदा चुकला असेल, दोनदा चुकला असेल, मला काय माहीत. थांबून पुन्हा टाकला.

आणि टीव्हीवर फुलांचं शेत आलं.

आडवंतिडवं, भिंतभर, पिवळ्या-जांभळ्या फुलांचं शेत, मागे डोंगर, डोंगराला बर्फ आणि खाली निळंशार पाणी. लॅपटॉपमध्ये आधीपासून असलेलं चित्र होतं ते, मी कधी बदललं नव्हतं. पडद्यावर ते तळहाताएवढं वाटायचं. दुखवट्याच्या रिकाम्या खोलीत, सतरंजीच्या वर, ते अंगावर येत होतं. आणि त्या चित्राशिवाय दुसरं काहीच नव्हतं. एक खूण नाही, एक अक्षर नाही. लॅपटॉप समजत होता की त्याचा स्वतःचा पडदा चांगला आहे आणि टीव्ही हा जोडीला मिळालेला जास्तीचा तुकडा आहे. कामाचं सगळं तो त्या फुटक्या पडद्यावर दाखवत होता आणि टीव्हीवर नुसती शोभा.

तेवढ्यात तात्या आले. तात्या म्हणजे भावकीतले सर्वांत वडील माणूस, बाबांचे चुलत चुलते. दहाव्यापर्यंत रोज सकाळी येऊन बसायचे. दारातच थांबले.

"राख निवली न्हाई अजून अन् टीव्ही लावलाय व्हय रं?"

बाबा मागून लगबगीने आले. "टीव्ही न्हाई तात्या त्यो. पोरीचा कम्प्युटर हाय."

"मला दिसतोय की टीव्ही."

"दिसायला टीव्ही हाय. आत कम्प्युटर हाय."

"मंग आतच ठिवायचा. भाईर कशाला काढला?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी मुलाखतीचं सांगितलं. तात्या सतरंजीवर टेकले, काठी आडवी ठेवली आणि टीव्हीकडे बघत राहिले.

"कुठलं रान हाय हे?"

"चित्र आहे तात्या."

"पाणी लई हाय तिकडं," तात्या म्हणाले. आणि मग, "आबा असता तर म्हणला असता, बाजरी कशी येईल हितं."

मी बोटं बटणांवर ठेवून विंडोज आणि पी दाबत होते, बाणाचं बटण खाली, मग एंटर. पुन्हा. पडदा काळा व्हायचा, लखकन उजळायचा आणि पुन्हा ते रान. मी पदवीधर, फर्स्ट क्लास, आणि बटण कुठलं दाबलं गेलं ते मला दिसत नाही. तात्या प्रत्येक वेळी म्हणत, "गेलं," आणि मग, "आलं." पाचव्या का सहाव्या वेळी टीव्हीवर खालची पट्टी आली, खुणा आल्या, माऊसचा बाण आला. मला रडायला आलं. त्या आठवड्यात मी आबांसाठी जेवढी रडले नव्हते तेवढं त्या बाणासाठी येत होतं. मी आवरलं.

बाबांनी बंदोबस्त केला. येणारे पुरुष बाहेर लिंबाखाली बसवायचे. बायका येतील त्यांना सांगायचं, घटकाभर थांबा. मोठ्या आईच्या माहेरची माणसं यायची राहिली होती, पण ती दुसऱ्या दिवशी येणार असा निरोप होता. बाबा उंबऱ्यात उकिडवे बसले, पाठ माझ्याकडे, तोंड रस्त्याकडे.

अकराला टीव्हीवर तीन चौकोन आले. दोन सर, एक मॅडम. चौथ्या चौकोनात मी.

"गुड मॉर्निंग."

ते टीव्हीच्या पोटातून एवढ्या मोठ्याने आलं की लिंबाखालची माणसं बोलायची थांबली. वायरीबरोबर आवाजही टीव्हीत गेला होता, हे मला सुचलंच नव्हतं. मी उठून रिमोटने आवाज उतरवला, तर इतका उतरला की मॅडम काय विचारतायत ते ऐकायला मला पुढे झुकावं लागलं. आणि पुढे झुकले की चौकोनात माझं नुसतं कपाळ.

"जरा कॅमेऱ्याकडे बघा ना," एक सर म्हणाले.

कॅमेरा लॅपटॉपच्या झाकणात, पेटीवर, माझ्या गुडघ्याच्या उंचीला. माणसं वर, भिंतीवर. त्यांच्या तोंडाकडे बघायचं तर त्यांना माझी हनुवटी दिसायची. कॅमेऱ्याकडे बघायचं तर मला काळा डाग दिसायचा. मी काळ्या डागाकडे बघून बोलायला लागले.

आणि मी चांगलं बोलले. हे मी म्हणते, कारण हे खरं आहे. दुधातली फॅट कशी काढतात विचारलं, मी गर्बर पद्धत पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितली, आम्ल किती, अल्कोहोल कुठलं, नळी किती वेळ फिरवायची. दुधात युरिया मिसळलेला कसा ओळखायचा, तेही सांगितलं. मॅडमनी मान हलवली. दुसऱ्या सरांनी विचारलं, रात्रपाळीला येणार का, मी म्हटलं येणार. ते काहीतरी लिहीत होते. "ठीक आहे," मॅडम म्हणाल्या, "आता आपण टेस्टकडे वळू, तुम्हाला एक फाईल..."

तेव्हाच टेम्पोचा आवाज आला.

बाजाराचा दिवस होता, त्यामुळे माहेरच्या लोकांना त्याच दिवशी गाडी मिळाली होती. आमच्याकडे बायका दुखवट्याला आल्या की गाडीतून उतरतानाच हेल काढतात. गल्लीच्या तोंडापासून रडत येतात, आणि घरातल्या बाईने आतून आवाज द्यायचा असतो. तिने हंबरडा फोडला की बाहेरच्या आत येतात आणि गळ्यात पडतात. ते झाल्याशिवाय कोणी कोणाशी बोलत नाही, पाणी पीत नाही. आवाज दिला नाही तर लोक म्हणतात, बाई दगडाची आहे.

"बया गं माझे, कसं सोडून गेलं गं तुला..." असा एक आवाज उठला, त्याला दुसरे मिळाले, आणि मधेच सगळे बंद पडले. कात्रीने कापल्यासारखे. मी काळ्या डागाकडे बघत होते, पण माझे कान सगळे मागे होते. बाबा उंबऱ्यातून उठून हात जोडून उभे होते. आणि आतून, जिथून आवाज यायला पाहिजे होता तिथून, काहीच येत नव्हतं.

घराला दार एकच आहे. त्या बायका माझ्या मागून आत गेल्या. मला टीव्हीवर दिसत होतं. चौथ्या चौकोनात पुढे मी, आणि माझ्यामागून एकेक बाई तोंडात पदराचा बोळा धरून वाकून जातेय. कोणी वाकून गेली म्हणून दिसायची राहिली नाही, उलट जास्त दिसली. एकीने जाता जाता माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि बोटं कानशिलावर मोडली. एकीने माझ्या गालाला हात लावला आणि तशीच रडू दाबत पुढे गेली. तीन चौकोनांतली तीन माणसं बघत होती.

"तुमच्या घरी काही कार्यक्रम आहे का?" सरांनी विचारलं.

"नाही सर. माझे चुलते वारले."

मग मॅडम म्हणाल्या, "अहो, मग कळवायचं होतं तुम्ही."

"कळवलं होतं मॅडम. मेल केलं होतं."

तिघांनी एकमेकांकडे बघितलं असावं. टीव्हीवर ते एकमेकांकडे बघताना दिसत नाहीत, तिघेही भलतीकडेच बघताना दिसतात. मॅडम म्हणाल्या, "तुम्हाला दोन मिनिटं हवीत का?"

नको म्हणायला पाहिजे होतं. पण आत शांतता होती आणि ती मला बसू देत नव्हती. मी हो म्हटलं आणि आत गेले.

आत खोलीभर बायका होत्या. खाली बसलेल्या, भिंतीला टेकलेल्या, दाराशी उभ्या. मधे मोठी आई. तिने एक हात वर करून सगळ्यांना थांबवून धरलं होतं आणि दुसऱ्या हाताने पदर तोंडात कोंबला होता. चेहरा सुजल्यासारखा लाल झाला होता, मानेच्या शिरा वर आल्या होत्या. समोर तिची भावजय, तिचे खांदे धरून बसलेली, तिच्या तोंडाकडे बघत. नवरा गेल्यापासून माहेरचं माणूस पहिल्यांदा समोर आलं होतं आणि ती त्याला आवाज देत नव्हती. मला बघून तिने डोळ्यांनीच विचारलं.

"संपली, मोठ्याई," मी म्हटलं. "मुलाखत संपली."

तिने पदर काढला.

तो आवाज मी लिहू शकत नाही. मी बाहेर आले तेव्हा तो माझ्या मागून खोलीत आला होता, आणि सगळ्या बायकांचे आवाज त्यात मिळाले होते. पेटीवरच्या लॅपटॉपने तो जसाच्या तसा पुण्याकडे पोचवला होता. मॅडमनी कानातलं काढून ठेवलं होतं. त्यांचे ओठ हलत होते. मी टीव्हीचा आवाज वाढवला, तरी मला शेवटचं तेवढंच ऐकू आलं, "...आम्ही कळवू तुम्हाला. काळजी घ्या." तीन चौकोन एकामागून एक गेले. पुन्हा फुलांचं रान आलं. मी वायर काढली.

त्या दिवशी संध्याकाळी मी चहा देत असताना मोठ्या आईच्या भावजयीने विषय काढला. तिचं मन वाईट नव्हतं. तिच्या हिशेबाने ती आमच्याच काळजीने बोलत होती. "पोरीचं आता वर्षाच्या आत उरकावं लागतंय. आमच्याकडं एक स्थळ हाय. पोरगा कारखान्यावर हाय, जमीन हाय."

मोठी आई म्हणाली, "तिला नोकरी लागली."

माझ्या हातात ताटली होती.

"कवा?"

"आज न्हाई का बघितलं? साहेब लोक टीव्हीत येऊन बोलले तिच्याशी. पुण्याकडं जायचंय तिला. आता तीन वर्ष थांबलं तरी काय बिघडतंय?"

सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. मी सरळ बोलणारी म्हणून घरात ओळखली जाते. कॉलेजात सरांच्या तोंडावर चूक दाखवणारी. त्या दिवशी मी ताटली घेऊन तशीच चुलीकडे गेले. ज्या बाईने सकाळी माझ्यासाठी तेवढं गिळलं होतं, तिला चार माणसांत खोटं पाडायला माझी जीभ उचलली नाही.

पुढे येणाऱ्या प्रत्येकाला ती हेच सांगायला लागली. दहाव्याला, तेराव्याला. माणसं आबांबद्दल दोन शब्द बोलायची आणि मग म्हणायची, "पण पोरीनं नाव काढलं. त्यांनी बघायला पाहिजे हुतं." तात्या लोकांना समजावून सांगायचे की टीव्ही आणि कम्प्युटर आता एकच झालेत आणि नोकऱ्या टीव्हीवरच लागतात. गोड झालं. आई-बाबा पुन्हा कारखान्यावर गेले, टोळी त्यांच्यावाचून अडली होती. जाताना बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, जसा आबा ठेवायचे तसा नव्हे, लाजत.

मेल त्यानंतर आलं. तीन ओळींचं होतं. तुमची निवड होऊ शकली नाही, पुढच्या वाटचालीस शुभेच्छा. मी मोठ्या आईला चुलीपुढे बसून सांगितलं.

"मला ठावं हाय," ती म्हणाली.

"कसं?"

"त्याच दिशी कळलं. नोकरी लागलेलं माणूस असं उभं ऱ्हातं व्हय दारात?"

"मग लोकांना कशाला सांगत सुटलीस?"

"त्यांला काही तरी सांगाय लागतंय. न्हाई तर वर्षाच्या आत, वर्षाच्या आत." तिने लाकूड आत सारलं. "तू बघ दुसरी. तवर कोणाला सांगू नको. सांगितलं तर ते स्थळ पुन्हा येतंय."

रोज कोणीतरी विचारायचं, हजर कधी व्हायचंय? मी म्हणायचे, कळवतील. ते तरी खोटं नव्हतं. कोणीतरी कधीतरी काहीतरी कळवीलच.

मग एका दुपारी बाबांचा फोन आला. मोठी आई सुपात बाजरी पाखडत होती. तिलाही बोलायचं होतं म्हणून मी आवाज मोठा करून फोन मधे ठेवला, पण बाबांना ते माहीत नव्हतं. पाठीमागे ट्रॅक्टरचा आवाज येत होता.

"मुकादमाला सांगून टाकलं मी," बाबा म्हणाले. "पुढल्या साली आमी येत न्हाई म्हणून. तुझी आई म्हणती, पोरगी नोकरीला लागल्याव आपण उसात बरं दिसत न्हाई."

मोठ्या आईने माझ्याकडे बघून मान हलवली. नको.

"बाबा," मी म्हटलं, "ती नोकरी मला मिळाली नाही."

ट्रॅक्टर तेवढा ऐकू येत राहिला. मग बाबांचा आवाज आला, एकदम खाली आलेला.

"रडण्यामुळं गेली का गं?"

मोठी आई समोर होती. सूप तिच्या हातात होतं.

"नाही बाबा," मी म्हटलं. "परीक्षा होती एक. त्यात कमी पडले."

"बरं," बाबा म्हणाले. पुन्हा म्हणाले, "बरं. मुकादमाला सांगतो मी परत. त्याचं काय एवढं." आणि मग, "वहिनीला कळू दिऊ नको. लई गिळलं तिनं त्या दिशी तुझ्यापायी. तिला वाटंल, तिच्यामुळं झालं."

"नाही सांगत," मी म्हटलं.

मोठी आई पाखडत राहिली. भुसा उडून फोनवर बसत होता. तिने तो फुंकून काढला आणि मला हाताने खुणावलं, ठेव आता, त्यांचं काम खोळंबलं असंल.